खुणेचा धोंडा

मेहकर (ता. भालकी, जि. बिदर), ११ मे २०२५

शिवप्रसाद काका,

पाया पडतो म्हणून सुरुवात करायची रीत हाय. आज न्हाई पडत. आधी सांगा, जायच्या आदल्या दिशी आमच्या शेतातून कोणता धोंडा उचलून नेलाव?

फोनवर माझ्या तोंडचं तुमाला काईच खरं वाटत न्हाई, म्हणून कागदावर लिहायलोय, खाली सही करायलोय, आन फोटो काढून तुमच्या दीपमाला अक्काच्या फोनवर सोडायलोय. हुकूम तुमचाच हाय. तहसीलदाराच्या आवाजात मी फोन केलतो आन तुमी उन्हाचं कोट घालून भालकीच्या कचेरीपुढं बसलताव, तवापासूनचा. ते गेलं. हे त्यातलं न्हाई.

त्या दिशी तुमी आलाव, मायच्या हातचा च्या पिलाव आन म्हणलाव, "वैनी, तिकडं स्पेनमधी डोंगरावर लोखंडाचा क्रूस हाय. चालत जाणारा जो तो आपल्या गावचा दगड नेऊन तिथं ठेवतो. मी अंबाजीच्या रानातला नेतो." बापाचं नाव निघालं तशी माय डोळे पुसली. मी जीप पुसायलतो. तुमी फिरत फिरत बाभळीपाशी गेलाव आन रुमालात काईतर बांधून आणलाव. मी म्हणलो, असंल एखादा खडा.

काका, तो खुणेचा धोंडा हाय; तुमी शिकायला भाईर राहिलाव, तुमाला कुणी सांगितलं नसंल. आपली विहीर चनमल्लप्पाच्या रानाच्या पल्याड. रस्त्यापासून विहिरीला जायची वाट सरकारच्या कागदावर त्याची हाय, पण वहिवाट आपली. तुमचा आजा आन त्याचा आजा दोघं बोलून ठरवलते. लिहून काई केले न्हाईत, वाटेच्या मदल्या बाभळीच्या बुडाला मुठीएवढा धोंडा रोवले. धोंड्याच्या अलीकडं आपली वाट, पलीकडं त्याचं रान. मोजणी आणली तर ती त्याच्याच बाजूनं बोलंल. आपल्याकडून बोलणारा तो एकटा धोंडा होता. उन्हाळ्यात काळी भुई फाटली, धोंडा भेगेत सैल झाला, आन तुमी तो आंब्यावाणी उचलून नेलाव.

परवा चनमल्लप्पा ट्रॅक्टर घातला. वाट सगळी नांगरून टाकला. माय कळशी घेऊन गेली तर पुढं ढेकळंच ढेकळं. माय म्हणली, "अप्पा, ही आमची वाट हाय." तर म्हणतो, "कोण म्हणतंय वैनी? धोंडा दाखवा."

आमच्या बोअरचं पाणी मचूळ हाय, म्हस बी तोंड फिरवती. प्यायचं पाणी त्याच विहिरीचं. तुमी तो धोंडा तिथं ठेवू नका. तसाच रुमालात बांधून माघारी आणा.

आता पडतो पाया. तुमच्या न्हाई, धोंड्याच्या.

सोनू अंबाजी
(सही केलोय, बघून घ्या)


आस्तोर्गा, स्पेन, १२ मे २०२५

चि. सोनू, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दीपमालाने वाचून दाखवलं. जेवणाच्या टेबलावर सगळे हसले. या वेळची थाप चांगली रचली आहेस, मागच्यापेक्षा मेहनत जास्त दिसते. चनमल्लप्पाच्या ट्रॅक्टरला नवरदेवाचं बाशिंग बांधून तो भर बाजारातून फिरवलास, तेव्हा तोच माझ्याकडे कलबुर्गीला तक्रार घेऊन आला होता. आता त्याच ट्रॅक्टरने वाट नांगरली म्हणतोस. पात्रं तरी बदलायचीस.

अरे, हद्दीचे दगड सरकार रोवतं. ते दोन माणसांना हलत नाहीत. मी नेलेला दगड हातात मावतो. असल्या दगडावर कुणाची वाट अडत नाही. तीस वर्षं मुलांना शिकवलं, एवढं मला कळतं.

इथलं सांगतो. येशूच्या शिष्यांपैकी एक, संत याकोब, त्यांची समाधी सांतियागोला आहे असं हे लोक मानतात. हजार वर्षांपासून माणसं तिथवर चालत जातात. आमच्या रिटायर मंडळींच्या गटात बिदरच्या दोन ख्रिस्ती बायका आहेत, त्या रोज सकाळी प्रार्थना म्हणतात, आम्ही बाकीचे टोपी काढून उभे राहतो. आमचा गाईड नरसिंह, कलबुर्गीचाच. हातात छत्री वर धरून पुढे चालतो. खरं तर त्याची गरजच नाही. झाडांवर, भिंतींवर, दगडांवर पिवळे बाण रंगवलेत. बाण दिसला की चालायचं. डोकं लावायचं नाही. असं निश्चिंत मी जन्मात चाललो नव्हतो.

परवा क्रूसापाशी पोचू. मनावर जे ओझं असेल ते दगडाबरोबर तिथे ठेवायचं, असा रिवाज आहे. अंबाजी गेला तेव्हा शाळेच्या परीक्षा होत्या, मला दोन दिवसही राहता आलं नाही. तो दगड मी त्याच्या नावाने ठेवणार आहे. यात तरी मस्करी करू नकोस.

वच्छलावैनींना नमस्कार.

तुझा काका,
शिवप्रसाद


मेहकर, १३ मे २०२५

काका,

हसलाव व्हय. जेवताना. माय ते ऐकली आन आत गेली, मला म्हणली, "राहू दे, मोठं माणूस हाय." मी न्हाई राहू देत.

खालचा फोटो बघा. ती बाभळ वळखता का? तिच्या बुडाला खड्डा दिसायलाय का? तो खड्डा तुमी केलाव. त्याच्या अलीकडची काळी ढेकळं म्हणजे वाट. फोटोत कडंला जी बाई बसलीय ती माझी माय हाय, तिला मी पैसे देऊन बसवलो न्हाई.

काल पारावर गेलो. चनमल्लप्पा लोकांपुढं म्हणला, "मी कुटं न्हाई म्हणलोय? धोंडा होता तवर वाट होती. धोंडा तुमचेच लोक उपटून नेले. मंग मी नांगर कामून घालू नये?" चार माणसं मान हलवले. ज्ञानोबा आजा, ज्याचं गावात अजून ऐकतेत, तो म्हणला, "जुनी रीत हाय. खुणेचा धोंडा डोईवर घेऊन, खांद्यावर घोंगडं टाकून, अनवाणी रस्त्यापासून विहिरीपत्तोर चालायचं. जिथून माणूस चालंल ती वाट. धोंडा डोईवर घेऊन खोटं चालायची कुणाची छाती व्हत न्हाई." चनमल्लप्पा कबूल झाला. पण म्हणला, "जो उपटून नेला, तोच चालावा. गुरुजी."

म्हणून सांगायलोय, धोंडा ठेवू नका. बापाच्या मयताला तुमी आलाव ते बुटाची लेस बी न सोडता परत गेलाव. परीक्षा होत्या म्हणता. पोरं नापास झाले असते तर काय बिघडलं असतं? मी तर झालोच की, तुमच्याच शाळेत. ते ओझं तुमचं हाय, तुमी कुटं बी टाका. पण आमचा धोंडा घेऊन टाकू नका.

अक्का, हे आजच्या आज वाचून दाखव.

सोनू


पोनफेरादा, १५ मे २०२५

सोन्या,

मी दीपमाला लिहितेय. अप्पा झोपलेत. झोपलेत म्हणजे भिंतीकडं तोंड करून पडलेत.

तुझं तेराव्या तारखेचं पत्र मला त्याच दिवशी मिळालं होतं. मी त्यांना दाखवलं नाही. मला वाटलं, एवढ्या लांब आलेत, किती वर्षांनी माणूस हसायला लागलंय, तुझी मस्करी अजून किती वाढेल कोण जाणे. फोटोसुद्धा खोटा वाटला. तूच मला मागच्या वर्षी आमच्या घरात साप निघाल्याचा फोटो पाठवला होतास ना, मी बँकेतून धावत गेले होते.

काल आम्ही क्रूसापाशी पोचलो. एक उंच लाकडी खांब, त्यावर बारका लोखंडी क्रूस, आणि खाली दगडांचा ढीग. ढीग म्हणजे टेकडीच. जगभरातल्या लोकांचे दगड. कुणी नाव लिहिलेलं, कुणी फोटो बांधलेला. अप्पा चढून वर गेले, रुमाल सोडला, दगड ठेवला आणि हमसून हमसून रडले. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही. मंग मला राहवेना. रात्री त्यांना तुझं पत्र दाखवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. फोटो मोठा करून काकूकडं बघत बसले. आज सकाळी नरसिंहला म्हणाले, मला मागं जायचंय. तो म्हणतो, "सर, ग्रुप आहे, पुढं मुक्काम बुक आहेत, मागं जायचं असलं तर तुमच्या जबाबदारीवर." गटातले लोक म्हणतात, दगडांच्या त्या डोंगरात एक दगड कसा सापडणार.

सोन्या, तू चिडू नकोस. मला एक सांग. काळा, मुठीएवढा, तसाच दुसरा दगड नाही का मिळणार गावात? कोण बघायलंय? फसवण्यात तुझ्याएवढं हुशार आपल्या घरात कुणी नाही. अप्पा आले की तू तो त्यांच्या हातात दे. एवढं कर.

तुझी अक्का


मेहकर, १६ मे २०२५

अक्का,

शाबास. पत्र लपवून ठेवलीस, आता मला शिकवायलीस.

माझं नाव खराब हाय, कबूल. मी माणसाला हसवायला फसवतो. फसलेला माणूस चार दिसांनी ती गोष्ट सोताच सांगतो आन सोताच हसतो. चनमल्लप्पा बी बाशिंगाची गोष्ट लोकांना रंगवून सांगतो, तुला ठाव न्हाई. बांदावर फसवलेलं माणूस हसत न्हाई. नातू झाले तरी त्याच्या डोळ्यात ते राहतंय.

आन धोंडा कोण बघायलंय म्हणतीस? चनमल्लप्पा बघंल. त्या धोंड्यावर एक खूण हाय. ती मला ठाव हाय, मायला ठाव हाय आन चनमल्लप्पाला ठाव हाय. काय हाय ते मी सांगणार न्हाई. सांगितलो तर तुमी तिथंच एखाद्या कारागिराकडून कोरून आणाल. तुमच्या घरातल्या शिकलेल्या माणसांचा आता मला भरवसा न्हाई राहिला.

माय रोज नाल्याकडून वळसा घालून पाणी आणायलीय. नाला उतरायचा, चनमल्लप्पाच्या घराच्या अलीकडून चढायचं, मंग विहीर. तिचा गुडघा तुला ठाव हाय. मी आणतो म्हणलो तर म्हणती, तुझ्या जीपच्या फेऱ्या बुडतेत. काल उतारावर पडली. कळशीला पोचा आला, माणूस बी ठेचकाळलं. हे तुझ्या अप्पाला वाचून दाखव. लपवू नको. हसले तर हसू दे.

त्यांना म्हणावं, छत्रीवाला येवो की न येवो, माघारी जा. धोंडा हुडका. एवढे बाण रंगवलेत म्हणता, एक बाण उलटा धरायला काय झालं?

सोनू


सारिया, २० मे २०२५

सोनू,

गट सोडून मी टॅक्सीने क्रूसापाशी परत गेलो. दिवसभर होतो.

दगड सापडला. घेऊन येतोय. वैनींना सांग, पाणी आणायला जाऊ नका.

शिवप्रसाद


मेहकर, १४ जून २०२५

अक्का,

तीनदा निरोप पाठवलीस, अप्पांना कवा पाठवतो म्हणून. सांगतो. सगळं सांगतो, मंग पुन्हा इचारू नको.

तुझे अप्पा आले त्याच दिशी मी त्यांना भालकीहून जीपमधी आणलो. रस्ताभर रुमालाची गाठ हातात. मी म्हणलो, बघू की. दिले. धोंडा काळाच होता, तेवढाच होता. मी अंगठा फिरवलो.

आता खूण सांगतो. माझा बाप आन चनमल्लप्पा पोरं होते तवा बैलांना गवत कापायला दोघं संगट जायचे, आन त्या धोंड्यावर इळ्याला धार लावायचे. घासून घासून वर एक खाच पडलेली, बोट बसंल एवढी. ह्या धोंड्याला खाच नव्हती. कुठल्या मुलखातला कोण माणूस आपलं दुःख तिथं ठेवून गेला आसंल, ते उचलून तुझे अप्पा इमानातून आमच्या घरी आणलेले.

मी रुमाल बांधून परत दिलो. डोळ्यापुढं मायचं आजून ठेचकाळलेलं कोपर आलं. मनात म्हणलो, चालू द्या. जो माणूस मला शाळेत खोटं बोललो म्हणून पट्टी मारायचा, त्याचं खोटं मी झाकलो. एवढा राग आलता की जीपचं हॅंडल हातात यायचं राहिलं.

सकाळी सगळे रस्त्याच्या लिंबाखाली जमले. ज्ञानोबा आजा घोंगडं आणलता. काका ते डोंगर चढायचे बूट काढून अनवाणी उभे. चनमल्लप्पा म्हणला, "बघू गुरुजी." धोंडा हातात घेतला, फिरवला, अंगठा वरून नेला, पुन्हा नेला. काका पुढं झुकले तसा चनमल्लप्पा सोताच्या हातानं धोंडा त्यांच्या डोईवर ठेवला. "चला," म्हणला.

काका चालले. ढेकळात पाय मुरगळायचे, तरी सरळ चालले. वाट नांगरलेली, पण त्यांच्या पायाला ठाव होती, एक पाऊल चुकलं न्हाई. बाभळीपत्तोर आले. तिथं तो खड्डा. खड्ड्यापाशी थांबले. मी मनात म्हणायलो, चला काका, विहीर दिसायलीय, चला.

डोईवरचा धोंडा खाली घेतले आन म्हणले, "हा तो नाही. तो मला सापडला नाही. अंधार पडेपर्यंत शोधलं. हा तिथल्याच ढिगातला."

चनमल्लप्पा म्हणला, "ठाव हाय गुरुजी. अंगठा फिरवलो की मी."

"मग डोक्यावर कशाला ठेवलास?"

"म्हणलो, बघावं गुरुजी किती लांब चालतेत."

मंग ज्ञानोबा आजाकडं वळून म्हणला, "रीत तुमीच सांगितलाव. जिथवर चालले तिथवर त्यांची वाट. बाभळीच्या पुढं माझं रान." आजा मान हलवला. दुसरं काय करंल तो. आन आम्ही अर्ध्या वाटेचे मालक झालाव. बाभळीपत्तोर जायचं, विहिरीकडं बघायचं आन माघारी यायचं.

मी काकाला सगळ्यांपुढं म्हणलो, "विहिरीपत्तोर गप चालता आलं न्हाई का?" काका म्हणले, "अंबाजीच्या वाटेवर मला ते जमेना." मी म्हणलो, "अंबाजीची वाटच गेली की. तुमी तिकडं एकदा ओझं उतरवलाव, हितं दुसऱ्यांदा उतरवलाव. दोन्ही वेळंला ते मायच्या डोईवर आलं." माय मला हात धरून ओढली. मी हाललो न्हाई.

तुला वाटंल, खरं बोलले, मोठं काम केले. केले असतील. खरं बोलायचं होतं तर लिंबाखाली बोलायचं. मला जीपमधी बोलायचं. खोटं बोलायचं तर विहिरीपत्तोर नेऊन पोचवायचं. बरोबर मदी कामून थांबायचं?

दुसऱ्या दिशी काका बॅग भरायलते. मी पोचा आलेली कळशी आणून त्यांच्या हातात दिलो. म्हणलो, "तुमची यात्रा आजून व्हायचीय. गाईड मी." काका बॅग ठेवले, कळशी घेतले.

तवापासून पाणी तुझे अप्पाच आणायलेत. नाल्याकडचा वळसा. जीपला पट्टा मारायला पिवळा रंग आणलतो, त्यातनं मी वाटेवर बाण काढलो. बोरीवर एक, नाल्याच्या दगडावर एक, मोरीच्या कठड्यावर एक. तुमच्या तिकडं होते तसेच, बाण दिसला की चालायचं. खरं तर नाला चढल्यावर उजवीकडं वळलं की विहीर जवळ पडती. मी बाण सरळ काढलो. सरळ चनमल्लप्पाच्या दारात.

काका जातेत. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कळशी खांद्यावर, त्याच्या उंबऱ्यापुढं थांबतेत, "नमस्कार चनमल्लप्पा" म्हणतेत, आन वळतेत. पहिल्या दिशी तो हसला. दुसऱ्या दिशी च्या इचारला, काका नको म्हणले. आता काका दिसले की तो आत जातो, त्याची बायको रुद्रम्मा दारात उभी राहती आन आत बघून काईतर बोलती. काय बोलती ते कानडीत बोलती, पण गोड न्हाई बोलत.

काकाला बाण चुकीचा हाय हे ठाव हाय, अक्का. त्यांचं ल्हानपणच त्या रानात गेलंय. ठाव असून चालायलेत. म्हणून मी त्यांना पाठवायलो न्हाई. आन राग गेला म्हणून बी न्हाई, राग हाय तिथंच हाय. माय म्हणती, "बस कर, म्हातारं माणूस हाय." मी म्हणलो, तू पडलीस तवा कोण म्हणलं बस कर?

काल चनमल्लप्पा पारावर मला धरला. "ए सोन्या, माझ्या दाराकडं बाण कामून काढलास?"

मी म्हणलो, "अप्पा, मोठी यात्रा हाय. लांबून लांबून लोक येणार. जो वाट नांगरला, त्याचं दार बघितल्याबिगर ती पुरी व्हत न्हाई."

तो म्हणला, "पुसून टाक."

मी म्हणलो, "तुमी बाभळीपुढची वाट सोडा, मी लगेच पुसतो."

आजून सोडला न्हाई. मी बी पुसलो न्हाई. उद्या कमलनगरच्या बाजाराला गावातले समदे त्याच्या दारावरून जातेत. रंगाचा आजून अर्धा डबा शिल्लक हाय.

सोनू